वॉकीटॉकी घ्यायची आहे? मग दुसऱ्या दिवशीच्या चार्जिंगचं आधी बघा

पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघालेला गट, शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावाचं पूरपथक, शिरोली एमआयडीसीतली फौंड्री आणि विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या मागं-पुढं पळणारी मंडळाची पोरं. या चौघांनाही वॉकीटॉकी हवी असते आणि दुकानात चौघंही एकच विचारतात, "रेंज किती?" खोक्यावर आकडा छापलेला असतोच, आठ किलोमीटर, दहा किलोमीटर. मध्ये ना घर, ना झाड, ना डोंगर असं धरून तो काढलेला असतो. माझ्या मते आधी विचारायची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हा सेट कशावर चालणार? त्याचं उत्तर मिळालं की बरीचशी निवड झालीच. राहिलेली कायदा करून देतो, म्हणून तो आधी उरकून घेऊ.

कायद्यानं मोकळ्या असलेल्या तीन वाटा

पहिली वाट विनापरवान्याची. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून मोकळा आहे. त्यात साडेबारा किलोहर्ट्झचे १६ चॅनेल बसतात. या पट्ट्यातले सेट अर्ध्या वॅटचे आणि अँटेना न निघणारी. पट्टा सगळ्यांचा, त्यामुळं तुमच्या चॅनेलवर दुसरं कुणी बोलू लागलं तर तक्रारीला जागा नाही, मुकाट्यानं चॅनेल बदलायचा.

दुसरी वाट हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची. वय किमान १२, दूरसंचार विभागाची परीक्षा, मग स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव. व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ आणि यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे हातातल्या सेटसाठी सोयीचे. सेट साधारण पाच वॅटचा, अँटेना बदलता येते, वर गाडीत किंवा छतावर मोठी अँटेनाही लावता येते. मात्र परवाना माणसाला मिळतो, मंडळाला नाही. बटण दाबून बोलणाऱ्या प्रत्येकाकडं तो हवा, आणि धंद्याचं बोलणं त्यावर चालत नाही. कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला हॅम सेट देणं सरळसरळ बेकायदा.

तिसरी वाट संस्थेच्या परवान्याची. सरल संचार पोर्टलवरून अर्ज करायचा, आपल्यासाठी फ्रिक्वेन्सी मंजूर करून घ्यायची, तिचं शुल्क भरायचं. चांगला डीलर कागदपत्रं करून देतो. वेळ लागतो आणि खर्चही होतो.

खरी मेख या तिन्हींच्या बाहेर आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, दिसायला साधे, १६ चॅनेलची चकती असलेले कित्येक सेट ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये कुठंही चालतात आणि अर्ध्या वॅटपेक्षा जास्त ताकद सोडतात. चकतीवर आकडे १६ म्हणून तो ४४६ वाला ठरत नाही. अशा विक्रीवर लगाम घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घेताना दोन गोष्टी बघा. खोक्यावर फ्रिक्वेन्सी स्पष्ट लिहिली आहे का, आणि उपकरणाच्या मंजुरीचं ईटीए प्रमाणपत्र दुकानदार दाखवतो का. "कोण बघतंय?" असं उत्तर आलं तर दुकान बदला.

पाच वॅट की अर्धा वॅट

पाच वॅट म्हणजे अर्ध्या वॅटच्या दहापट ताकद. पण माणसाच्या उंचीवरून, घरं आणि झाडांमधून बोलताना अंतर दहापट वाढत नाही, बहुधा दुप्पटही होत नाही. अंतर ठरवते ती उंची. जोतिबाच्या डोंगरावर शहराकडच्या कड्याला उभं राहिलात आणि शहरातला माणूस गच्चीवर असेल, तर अर्ध्या वॅटचा सेटसुद्धा पंधराएक किलोमीटर बोलून जाईल. तोच सेट महाद्वार रोडवरून दोन गल्ल्या पलीकडं गेला की कुरकुरायला लागतो. मसाई पठारावर पुढचा-मागचा गट मजेत बोलेल, पठार उतरून झाडीत आणि ओढ्यात शिरला की मधला डोंगर दोघांचंही तोंड बंद करेल. तिथं पाच वॅटही फार मदत करत नाहीत. उंचवट्यावर मधला एक माणूस थांबवून त्याच्यामार्फत निरोप देणं हाच खरा उपाय.

ऊस हा आपल्याकडचा खास अडथळा. पुरुषभर उंचीच्या ओल्या उसात यूएचएफ लहर लवकर मरते, व्हीएचएफ त्या मानानं टिकते. शहरातल्या काँक्रीटच्या फटीतून उलट यूएचएफ बरी निघते. नदीकाठच्या शिवारात काम असेल आणि हॅम परवाना असेल, तर १४४ चा पट्टा धरा.

बॅटरीचा हिशेब

पाच वॅटच्या सेटचा नेहमीचा लिथियम पॅक ७.४ व्होल्ट, १८०० मिलीअँपिअर-तास, म्हणजे साधारण १३ वॅट-तास. पूर्ण ताकदीवर बोलताना सेट सव्वा ते दीड अँपिअर ओढतो. नुसता ऐकत शांत बसला असेल आणि बॅटरी सेव्हर चालू असेल, तर अगदी थोड्या मिलीअँपिअरवर भागतं. कंपन्या बॅटरीची वेळ सांगताना शंभरातले पाच भाग बोलणं, पाच भाग ऐकणं आणि नव्वद भाग शांतता असं धरतात. त्या हिशेबानं हा पॅक पंधराएक तास जायला हवा. पण मोहिमेचा म्होरक्या तसा बोलत नाही. "पुढचे थांबा, मागचे या, चहा कुठं आहे" हे त्याचं चालूच असतं. वेळेचा तिसरा हिस्सा बटण दाबलेलं राहिलं तर तोच पॅक चार तासही पुरत नाही. सेटची ताकद एका वॅटवर आणली तर बोलतानाचा विजेचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो आणि जवळच्या अंतरात ऐकणाऱ्याला फरकही कळत नाही. पाच वॅट अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावेत.

अर्ध्या वॅटच्या सेटला मुळात खायलाच कमी लागतं. म्हणून त्यातले काही तीन छोट्या (एएए) सेलवर किंवा तीन पेन्सिल (एए) सेलवर दिवसभर चालतात. चार्जिंगचा प्रश्न इथं फार सोपा होतो. सेल संपले, नवे टाकले, कामाला लागलो. फक्त मलकापूर किंवा गगनबावड्याच्या टपरीवर मिळणारे सेल बहुतेक घड्याळ आणि रिमोटसाठीचे जस्त-कार्बनचे असतात. बोलताना ते बसतात. अल्कलाइन सेल कोल्हापुरातूनच बरोबर न्यावेत. त्याहून बरे म्हणजे पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल, तेही पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणाऱ्या जातीचे. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका, आणि मोसम संपला की सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलनं सेटची पट्टी खाल्ली की दुरुस्तीचा खर्च सेटच्या किमतीला भिडतो.

पाच वॅटच्या सेटलाही सहा सेलची डबी मिळते. ती जरूर घ्या, पण तिच्यावर पूर्ण ताकदीनं बोलू नका. छोट्या सेलना दीड अँपिअर झेपत नाही, बटण दाबताच सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो.

डॉक, म्हणजे सेट किंवा पॅक उभा ठेवायचा चार्जर, आणि थेट वायर लावायचं टाइप-सी यांत लोक डोळे झाकून टाइप-सी निवडतात. मी तसं करणार नाही. डॉकला भिंतीतली वीज लागते हे खरं, पण त्यात सुटा पॅक चार्जिंगला लावून सेट वापरात ठेवता येतो. टाइप-सी भोक सेटच्या अंगावर असेल तर चार्ज होईपर्यंत सेट वायरीला बांधलेला. काही स्वस्त सेटमध्ये आणखी एक खोड असते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीवर, नव्या फास्ट चार्जरवर ते चार्जच होत नाहीत. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली वायर लागते. ती वायर सेटबरोबरच पिशवीत ठेवा. भोक पॅकवरच असेल तर मात्र टाइप-सी उत्तम, कारण मग सुटा पॅक पॉवर बँकेला लावून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकता येतो.

पॉवर बँकेचा आकडाही समजून घ्या. १०,००० मिलीअँपिअर-तासाची बँक आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणजे ३७ वॅट-तास. चढवण्या-उतरवण्यात काही जातं. पाच वॅटच्या सेटचा पॅक तिच्यावर दोनदा भरेल. विनापरवाना छोटा सेट पाच-सहा वेळा भरू शकतो, फक्त शेवटी करंट फार कमी झाला की काही बँका आपोआप बंद पडतात.

पुरात काय

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अशा वेळी लाईट दिवसेंदिवस नसते आणि टॉवरची बॅटरी संपली की मोबाईलही गप्प होतो. इथं सौरपॅनेलचा सल्ला हमखास मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये तो ठीक आहे. पण पूर येतो तो आठवडाभर ऊन न दिसलेल्या आभाळाखाली, आणि तेव्हा हातभर पॅनेल त्याच्या क्षमतेचा जेमतेम तुकडा देतं. पुरासाठी म्हणून त्यावर पैसे घालू नयेत.

गावात खरी वीज साठलेली असते ती घराघरांतल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत आणि ट्रॅक्टरमध्ये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, आपल्या छोट्या पॅकच्या शंभराहून जास्त पट. तिच्यावर गाडीतला लायटर सॉकेट क्लिपांनी जोडायचा, वायरीत फ्यूज घालायचा, आणि त्यावर यूएसबी चार्जर किंवा पाच वॅटच्या सेटसाठी मिळणारा बॅटरी एलिमिनेटर लावायचा. एलिमिनेटर म्हणजे पॅकच्या जागी बसणारा, १२ व्होल्टचे सेटला झेपतील इतके करून देणारा ठोकळा. १२ व्होल्टची वायर थेट सेटच्या पट्ट्यांना लावलीत तर सेट गेला म्हणून समजा. ही बॅटरी ५० किलोच्या घरात असते, दोन माणसं लागतात. त्यामुळं नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की ती माडीवर चढवायची. खालच्या खोलीत पाणी शिरल्यावर तिचा उपयोग नाही.

सेट पाण्यात पडणार हेही धरून चाला. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. इअरफोनचं रबरी झाकण उघडं राहिलं तर दोन्ही आकडे कागदावरच राहतात. साध्या सेटला झिपवाली पातळ पिशवी पुरते, पिशवीतूनही बोलता येतं. ओला सेट डॉकमध्ये घालू नका, पट्ट्या पुसून कोरड्या झाल्यावरच चार्जिंगला लावा.

बॅटरी वाचवायचा बिनखर्ची उपाय म्हणजे वेळ ठरवणं. दर तासाच्या ठोक्याला सगळ्यांनी पाच मिनिटं सेट चालू करायचा, निरोप द्यायचा-घ्यायचा, बंद करायचा. संकटातलं पथक सोडलं तर बाकी कुणालाही हे जमतं.

बोलण्याच्या सवयी

बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि निरोप भलताच ऐकू जातो. अँटेना उभी ठेवा, कमरेला लटकवून बोललात तर अर्धी ताकद तुमचंच अंग पितं. आवाजावर आपोआप चालू होणारी सोय ढोल-डॉल्बीजवळ बंद ठेवा, सेट मिरवणूकभर स्वतःच बोलत बसेल. आणि मेन्यूतल्या त्या प्रायव्हसी कोडवर भिस्त ठेवू नका. ते दुसऱ्यांचा आवाज तुमच्या कानाआड करतात, तुमचं बोलणं लपवत नाहीत.

मग कुणी काय घ्यावं

मंडळ आणि मोहिमेसाठी सेलवर चालणारे ४४६ चे सेट, दुसरा विचार नको. पूरपथकासाठीही तेच, पण यूएसबीवर चार्ज होणारे आणि पाणी सोसणारे. गावातल्या दोघा-तिघांनी हॅमची परीक्षा दिली तर गावाबाहेरच्या हॅमशी बोलण्याची सोय होईल. ती तयारी पुराच्या आधीच्या वर्षातली आहे, पुरातली नाही.

कारखान्यानं परवान्याचे डिजिटल सेट घ्यावेत. डीएमआर या डिजिटल पद्धतीत एकाच चॅनेलवर आळीपाळीनं दोन संभाषणं चालतात आणि बोलताना सेट निम्माच वेळ लहर सोडतो, त्यामुळं तेवढ्याच बॅटरीत पाळी निभावते. सहा खणांचा चार्जर पाळी बदलण्याच्या जागी भिंतीला ठोका, सुपरवायझरच्या टेबलावर नको.

गिर्यारोहणाची किंवा तंत्राची ओढ असलेल्या एकट्या माणसानं मात्र सरळ हॅमच्या वाटेला लागावं. पाच वॅटचा सेट, दोन पॅक, एक सेलची डबी आणि ४० सेंटीमीटरच्या आसपासची लांब अँटेना. परीक्षा पास होऊन परवाना हातात येईपर्यंत नुसतं ऐका, बटणाला बोट लावू नका.

पावसाळा-गणपती उरकले की लिथियम पॅक निम्म्या चार्जवर, सेटमधून काढून, थंड कपाटात ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळे काढून पूर्ण भरा आणि दिवसभर वापरून बघा. जो संध्याकाळपर्यंत टिकत नाही त्याच्या जागी तेव्हाच नवा मागवा, मागवलेला पॅक पोचायला दिवस लागतात आणि जूनचा पाऊस थांबत नाही.