सात महिने अरुंद चॅसीवर: १:१० टू-व्हील ड्राइव्ह बग्गीचा अनुभव

माझी बग्गी म्हणजे रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची शर्यतीची मॉडेल गाडी. ती मिड-मोटर आहे, म्हणजे मोटर मागच्या चाकांच्या पुढे बसते. सात महिन्यांपूर्वी तिची मूळ ॲल्युमिनियम चॅसी, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती तळाची प्लेट, काढून मी अरुंद प्लेट बसवली. व्हर्नियरने मोजल्यावर मूळ प्लेट मधल्या भागात ९६ मिमी भरली आणि नवी ८४. म्हणजे दोन्ही कडांनी ६-६ मिमी कमी. जाडी तीच, लांबी तीच, चाकं धरणारे आर्म जिथे बसतात ती ठिकाणंही तीच. हे आधीच सांगतो, कारण बरेच जण चॅसीची रुंदी आणि गाडीची रुंदी एकच समजतात. एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंतची रुंदी माझ्याकडे अजिबात बदललेली नाही, आणि या वर्गात ती २५० मिमीच्या वर नेताच येत नाही. वळणावर आतल्या चाकांवरचा किती भार बाहेरच्या चाकांवर जातो, हे वजन, वेग, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. त्या हिशेबात चॅसीची रुंदी कुठेच येत नाही.

मग गाडी वेगळी का चालते? कारण ती वेगळी चालते, यात मला शंका नाही. पहिल्याच दिवशी मातीच्या ट्रॅकवर, डावं-उजवं-डावं अशा लागोपाठ तीन वळणांत, गाडी स्टिअरिंगच्या मागोमाग यायला लागली. आधी एका बाजूला कलून मग दुसऱ्या बाजूला कलायला ती अर्धा क्षण घ्यायची आणि तिसऱ्या वळणाला मी नेहमी थोडा उशिरा पोचायचो. तो उशीर गेला. मी खूष झालो आणि दोन महिने सगळ्यांना सांगत होतो की अरुंद चॅसीने गाडी चपळ होते.

नंतर खोलात गेलो तेव्हा कळलं की मी अर्धंच सांगत होतो. अरुंद प्लेट बसवताना जागा कमी पडली म्हणून ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसिव्हर (रिमोटचे संदेश पकडणारा भाग) आत सरकवावे लागले होते. ईएससीचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून ३८ मिमीवर होता, तो ३२ वर आला. एखादं वजन गाडीच्या कलण्याला किती विरोध करतं, हे अंतराच्या वर्गावर ठरतं. म्हणून फक्त ६ मिमी आत घेतल्यावर त्या एका भागाचा विरोध साधारण तीस टक्क्यांनी घटला. त्यात चाकं आणि हब (चाकं ज्यावर बसतात ते भाग) कलण्यात फारसा भाग घेत नाहीत, ती जमिनीवरच असतात. स्प्रिंगांच्या वर असतं तेवढंच कलतं: प्लेट, बॅटरी, मोटर, सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), बॉडी. त्या थोड्या वजनात कडेला बसलेला ईएससी चांगलाच जाणवतो.

खात्री करायला सोपा प्रयोग केला. १५ ग्रॅमच्या दोन पितळी पट्ट्या घेतल्या. एका चार्जवर गाडी त्या मधोमध, बॅटरीखाली ठेवून चालवली. दुसऱ्या चार्जवर त्याच पट्ट्या अरुंद प्लेटच्या दोन्ही कडांना चिकटवून. एकूण वजन तेच, टायर तेच, शॉकना (धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्यांना) हातही लावला नाही. कडेला पट्ट्या लावताच गाडी त्या तीन वळणांत पुन्हा जुन्या प्लेटसारखी वागली: शांत, थोडी जड, दिशा बदलायला वेळ घेणारी. चपळपणा वजन आत आल्यामुळे होता. रुंद प्लेटवरही ईएससी आत घेता आला तर त्यातला बराचसा मिळेल. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर नवी प्लेट घेण्याआधी मी ते नक्की करून पाहिलं असतं.

तरी प्लेटच्या कडेचा स्वतःचा परिणाम आहेच, आणि तो बघायचा तर गाडी उलटी करावी लागते. प्रत्येक सत्राआधी मी प्लेटच्या तळाला, विशेषतः दोन्ही कडांना, काळा मार्कर फासतो. परत आल्यावर कुठे पुसला गेलाय ते बघायचं. लांबीच्या दिशेने सरळ ओरखडे म्हणजे उडीनंतर बूड टेकलं. कडेजवळ तिरपे, छोटे, एकमेकांना समांतर ओरखडे म्हणजे वळणात कलताना कड जमिनीला लागली. रुंद प्लेटवर उजव्या कडेला, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, असे तिरपे ओरखडे प्रत्येक वेळी दिसायचे. ट्रॅकवर डावी वळणं जास्त होती, त्यामुळे बाजू बरोबर जुळत होती. कड जमिनीला लागली की टायरवरचा भार त्या क्षणी प्लेटवर जातो, टायर हलका होतो आणि गाडी शेपूट मारते. टायर संपले असं समजून मी कितीतरी वेळा टायर बदलले होते.

आता आकडा बघा. गाडी ८ अंश कलली तर मध्यरेषेपासून ४८ मिमीवरची कड साधारण ६.७ मिमी खाली येते आणि ४२ मिमीवरची ५.९. फरक ०.८ मिमी. राइड हाइट (जमिनीपासून तळाची उंची) २२ मिमी असताना या ०.८ ने काय होणार, असा प्रश्न मलाही पडला. सपाट जमिनीवर खरंच काही होत नाही. पण मातीचा ट्रॅक सपाट राहत नाही. दिवसभर गाड्या चालल्या की वळणावर चाकोरी पडते, आणि चाकोरीच्या दोन्ही अंगांना मातीचा कंगोरा उभा राहतो. चाक चाकोरीत बसलं की तो कंगोरा थेट प्लेटच्या कडेशी येतो. तिथे अंतर उभं मोजून चालत नाही, आडवं मोजावं लागतं, आणि आडव्या अंतरात ६ मिमी ही चांगली जागा आहे. सकाळी ताज्या ट्रॅकवर कड लागण्याच्या बाबतीत मला दोन्ही प्लेटमध्ये फारसा फरक कळत नाही. दुपारनंतर, ट्रॅक उखडल्यावर, अरुंद प्लेट सरळ सरळ वरचढ ठरते. मार्करही तेच सांगतो: कडेचे तिरपे ओरखडे जवळपास गेले, मधले सरळ ओरखडे तेवढेच राहिले.

कार्पेटवरचा अनुभव उलटा आहे. तिथे पकड भरपूर, जमीन सपाट, मी राइड हाइट १७ वर ठेवतो. इतक्या पकडीत गाडी झटकन कलते आणि वजन आत असल्यामुळे ती आणखी झटकन कलते. पहिल्या दोन वेळा मधल्या वेगाच्या वळणात माझी गाडी टायरच्या पकडीवरच कलंडली, कोणाचा धक्का नाही की उडी नाही. पुढच्या शॉकमध्ये ३५० ऐवजी ४०० सीएसटीचं, म्हणजे जास्त घट्ट, तेल घातलं, पुढचा अँटी-रोल बार (कलणं रोखणारी दांडी) एक पायरी जाड केला, तेव्हा कुठे ती वळणात सरळ उभी राहू लागली. आता चालते, पण मला तिथे रुंद प्लेट जास्त आवडते. ती मला विचार करायला वेळ देते. एक मात्र बघून घ्या: कार्पेटवर रुंद प्लेटची धारदार कड धाग्यात अडकते. कानशीने खालची कड ४५ अंशात उतरवून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केली तर ती अडकण्याऐवजी घसरते. हे दोन्ही प्लेटना करावं.

अरुंद प्लेटचे तोटे पोटतिडकीने सांगतो, कारण त्यांनी माझे दोन दिवस वाया घालवले. पहिला, वायरिंग. मोटरच्या वायरी आखूड करून पुन्हा सोल्डर कराव्या लागल्या, रिसिव्हर कुशीवर उभा चिकटवावा लागला. मूळ बॉडी रुंद प्लेटच्या मापाची असल्याने बाजूला फट राहिली आणि तिथून आत माती जायची. फट झाकायला बॉडी आत दाबून बसवली, तर तिची कापलेली कड सेन्सर केबलवर (मोटर आणि ईएससी जोडणाऱ्या बारीक तारांवर) घासत राहिली. तिसऱ्या आठवड्यात सुरुवातीलाच मोटर अडखळू लागली. केबल सोलून पाहिली तर आतली एक तार जवळपास तुटलेली होती. अरुंद प्लेट घेणार असाल तर तिच्या मापाची बॉडी आणि साइड गार्डही घ्या, नाहीतर हा त्रास ठरलेला.

दुसरा तोटा, पीळ. एकाच जाडीच्या प्लेटची पिळाला टक्कर देण्याची ताकद ढोबळमानाने रुंदीच्या प्रमाणात असते, म्हणजे इथे ती आठव्या हिश्शाने कमी झाली. उखडलेल्या मातीवर थोडा पीळ चालतो, मला तर तो बरा वाटतो, गाडी खड्ड्यात कमी उसळते. पण चौथ्या महिन्यात गाडी टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या उडीवरून) नाक खाली करून आपटली, आणि त्यानंतर ती उजवीकडे वेगळी आणि डावीकडे वेगळी वळू लागली. सगळं सुटं करून प्लेट काचेवर ठेवली तर पुढचा डावा कोपरा अर्धा मिलिमीटर वर होता. सरळ केली, चालली, पण आता दर दोन-तीन आठवड्यांनी ती काचेवर ठेवून बघतो. रुंद प्लेटला याच उडीवरून मी याहून वाईट आपटलं आहे आणि ती सरळ राहिली आहे.

लॅपच्या वेळेबद्दल लोक पहिलं विचारतात. ताज्या ट्रॅकवर माझी सर्वात वेगवान लॅप दोन्ही प्लेटवर इतकी जवळ आहे की तेवढा फरक बॅटरी उतरल्यानेही पडतो. उखडलेल्या ट्रॅकवर मात्र पाच मिनिटांत माझ्या चुका कमी झाल्या, आणि शर्यत त्यावरच हलते.

हा बदल आज इतका सोपा वाटतो तो बॅटरीमुळे. १९८४ मध्ये आलेल्या असोसिएटेड कंपनीच्या आरसी-१० या बग्गीच्या सोनेरी ॲल्युमिनियम टबच्या (कडा वर वळवलेल्या चॅसीच्या) काळात सहा सेलच्या निकेल-कॅडमियम पॅकला जागा द्यावी लागे. आजचा शॉर्टी लिपो (आखूड लिथियम-पॉलिमर बॅटरी) साधारण ९६ मिमी लांब आणि ४७ मिमी रुंद असतो, म्हणून मधे जागा उरते आणि प्लेट कापता येते. तुमच्या गाडीत अजून लांब स्टिक पॅक (लांबट बॅटरी) असेल तर आधी तो बदलता येतो का ते पाहा.

सध्या मातीसाठी अरुंद, कार्पेटसाठी रुंद, अशा दोन्ही प्लेट वापरतो. अदलाबदलीला मला दीड तास लागतो. त्यात एक गोष्ट कधी चुकवत नाही: तळाचे सगळे स्क्रू आधी सैल लावायचे, गाडी काचेवर दाबून धरायची, मग समोरासमोरचे कोपरे धरत तिरपे आवळत जायचं आणि शॉक सगळ्यात शेवटी जोडायचे.