तीन मजली मातीचं कंपोस्ट भांडं: घ्यावं का?

चौघांच्या घरात रोज निघणाऱ्या अर्धा-पाऊण किलो ओल्या कचऱ्याला हे भांडं पुरतं. वरचा मजला भरला की खाली सरकवायचा, रिकामा वर चढवायचा. भाजलेली माती सच्छिद्र असल्याने जास्तीची ओल बाहेर झिरपते आणि प्लॅस्टिकच्या बादलीपेक्षा वास कमी येतो. ही याची खरी जमेची बाजू.

सोबतचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र लवकर संपतं. देठं, साली बोटाच्या पेराएवढ्या चिरा आणि प्रत्येक थरावर जवळपास तेवढंच कोकोपीट किंवा चुरलेला सुका पालापाचोळा पसरा. इथे हात आखडला की हवा कोंडते, आंबूस वास सुटतो, अळ्या पडतात. आठवड्यातून दोनदा तळापर्यंत हलवा. मूठभर घेऊन दाबल्यावर बोटांत एखादाच थेंब यावा. पाणी गळलं तर सुकं घाला, भुसभुशीत कोरडं झालं तर आंबट ताक शिंपडा. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या यात टाकूच नका. आमटी उरली तर निथळून फक्त चोथा घाला.

दोन-तीन महिन्यांत काळंभोर, पहिल्या पावसासारख्या वासाचं खत मिळतं. पण भरलेला मजला जड असतो आणि धरायला कान नाहीत. म्हाताऱ्या माणसांनी एकट्याने उचलू नये.