६४ बिटांचा ‘एस-टू’ टूलकिट : लॅपटॉप खोलणाऱ्यांनो, ही जाहिरात दिसली तर पैसे देऊ नका

रक्कम आधी लिहितो, म्हणजे “किरकोळ आहे, सोडून द्या” असं कुणी म्हणणार नाही. टूलकिटचे २,१९९ कॅश ऑन डिलिव्हरी. मग “रिटर्न पिकअप चार्ज” म्हणून यूपीआयवर ४९९, आणि त्यानंतर नंबर बंद. त्या किटने नासलेलं गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपचं खालचं कव्हर १,८५०. एकूण ४,५४८ रुपये. जाहिरात तुम्हीही पाहिली असेल: लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, त्यात बदलून बसवायची ६४ टोकं म्हणजे बिट, अस्सल एस-टू स्टील (हत्यारांचं कडक पोलाद), फक्त आज अर्ध्या किमतीत.

कळायला हवं होतं ते दुकानाच्या दारातच. पार्सलच्या लेबलवर वजन छापलं होतं, १७० ग्रॅम. चार मिलिमीटर जाडीचा, २८ मिलिमीटर लांबीचा पोलादी बिट जवळजवळ ३ ग्रॅम भरतो. नुसते ६४ बिटच १९० ग्रॅमच्या आसपास जातात. मूठ, डबी, चिमटा वेगळे. आकडा डोळ्यांसमोर होता आणि तरी पैसे गेले, याची चीड अजून जात नाही. पण कुरिअरवाला पैसे हातात पडल्याशिवाय पार्सल फोडू देत नाही, काउंटरवर गिऱ्हाईक उभं. अशा वेळी लेबलवरचं वजन कोण वाचत बसतं? वरच्या कप्प्यात ३२ बिट निघाले, खालच्या कप्प्यात नुसता फोम.

त्या ३२ बिटांचं पोलादही खोटं. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू बारीक, एम-२ नाहीतर एम-२.५. पुष्कळदा आट्यांवर निळा लेप असतो, म्हणून पहिल्या पिळाला जोर लागतो. नेमक्या त्या पिळाला पीएच-० (अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा बारीक) बिटचं टोक वळलं, कडा गोल झाल्या आणि जाता जाता स्क्रूची खाचही खाऊन गेलं. स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवावं लागलं. सोबतची कव्हर उचकटायची प्लॅस्टिकची पट्टी फटीत मोडली, तो तुकडा काढताना कव्हरचे दोन लॉक तुटले.

बिटवर कानस घासून बघा. कडक बिटवरून ती घसरते, मऊ बिटला चरा पडतो. चुंबकाला चिकटला म्हणजे चांगला, हे विसरा. साधं लोखंडही चिकटतं. आणि ६४ बिट लागतात कुणाला? बहुतेक विंडोज लॅपटॉपना पीएच-० आणि पीएच-०० पुरतात, डेल एक्सपीएसच्या तळाला सहा टोकांच्या चांदणीचा टी-५, मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा पी-५. सोबत नायलॉनची पट्टी आणि ०.७ मिलिमीटरची गिटार पिक. सांगलीत मिळालं नाही तर पुण्यात तपकीर गल्लीत जा, पण हातात घेऊन बघूनच घ्या.

कव्हर उठत नसेल तर ओढू नका, रबरी पायांखाली स्क्रू राहिलेला असतो. प्रत्येक स्क्रूची जागा लिहून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरच्या पॅनेलला फोड येतो. उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग बाकी.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “दोन हजारांसाठी आलात?” ऑनलाइन करा म्हणाले. ऑनलाइन केली, ती फिरून त्याच ठाण्यात आली, आणि आता उत्तर काय, तर रोख दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. कुरिअरच्या ऑफिसात “आम्ही फक्त पोचवतो”. पाठवणाऱ्याचा पत्ता देत नाहीत. ग्राहकांची तक्रार घेणारे म्हणतात, आधी विक्रेत्याचा पत्ता आणा. म्हणजे ज्याचे पैसे गेले त्यानेच तपास करायचा, त्यानेच झेरॉक्स काढत फिरायचं, आणि वर “बघून घ्यायचं ना” हेही त्यानेच ऐकायचं. दर वेळी दोन हजार किरकोळ ठरवले, म्हणूनच हे लोक गब्बर झालेत.

तरी करा. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येते. मालाच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असायलाच हवा. नसेल तर ऑर्डर देऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, लेबल जपून ठेवा.

तीच जाहिरात सध्या दुसऱ्या नावाने १,७९९ ला फिरते आहे. मूठ आता निळी आहे, बाकी फोटो तोच.