सुनेच्या गरोदरपणात घरी येणारा अभ्यास : पाचपैकी साडेतीन

लोक हॉटेलावर लिहितात, मिक्सरवर लिहितात. या सेवेवर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून मीच लिहिते. हिंगणघाट तालुक्यात आमचं गाव. किराणा दुकान मी बघते, वावर मुलगा.

सुनेला दिवस गेले, उपकेंद्रात नाव घातलं आणि थोड्याच दिवसांत पाठीला सॅक आणि हातात टॅब घेतलेली एक पोरगी दारात उभी. "काकू, आई-बाळाच्या अभ्यासासाठी आली जी." विदेशातलं एक विद्यापीठ आणि इकडची एक संस्था, असं दोघांचं मिळून काम. नावं लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे.

मी आधी विचारलं, "काहून जी, इंजेक्शन-बिंजेक्शन देता का?" तर नाही. वजन, बीपी, बाळंतपण कुठं झालं, बाळ कसं आहे, एवढीच नोंद. शेजारची म्हणत होती, विदेशी लोक आपल्यावर प्रयोग करून बघतात. भाच्याला फोन लावला, तो बी.फार्म आहे. तो म्हणाला, बाहेरच्या देशासोबतचा आरोग्याचा अभ्यास असला की नैतिकता समिती तर लागतेच, वर आयसीएमआर म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या समितीचीही मंजुरी लागते. संमतीच्या कागदावर नैतिकता समितीचा फोन नंबर असतो, तो बघ. होता.

कागद लांबलचक, पण पोरीनं तो आपल्या बोलीत समजावला. मधेच सोडायचं असलं तर सोडा, दवाखान्यातलं तुमचं काही बंद होणार नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. मी पेन घेतला तर म्हणते, "काकू, सही वहिनीचीच लागते." मुलगाही पुढे झाला, त्यालाही नाही म्हणाली. घरात मोठी मी आणि सही माझी चालत नाही! राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण सुनेनं पूर्ण कागद वाचला, "रक्त घेता का?" म्हणून विचारलं, नाही म्हटल्यावर सही केली. एक प्रत तिच्याकडेच राहिली.

आता सेवेचा दर्जा. बीपी घ्यायची पद्धत बघण्यासारखी. सुनेला भिंतीला टेकून बसवलं, पाय जमिनीला टेकवले, हाताखाली घडी घालून गोधडी ठेवली, म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला आला. पाच मिनिटं नुसतं बसू दिलं. मी बोलायला लागले तर मलाच गप्प केलं. मग दोनदा मोजलं, दोन्ही आकडे लिहिले. एरवी आम्ही बघतो ते घाईघाईत, उभ्या उभ्या पट्टा बांधणं. या एका गोष्टीसाठी पूर्ण तारा.

खरी परीक्षा पुढे होती. सातव्या महिन्यात सून माहेरी गेली, यवतमाळकडे. पहिलं बाळंतपण माहेरीच, आमच्याकडे तशीच पद्धत. मला वाटलं, आता यांची वही बंद. पण पोरीनं विहीणबाईंचा नंबर घेतला, तिथल्या आशाताईचाही घेतला. बाळ ग्रामीण रुग्णालयात झालं आणि हिचा फोन विहीणबाईंकडे. त्या वैतागल्या, "कोण ही बाई, दर वेळी वजन काय विचारते?" बाळंतपणानंतर बेचाळीस दिवस झाले तेव्हाही फोन होताच.

वजनं सांगता आली ती तिथल्या आशाताईमुळे. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा असे तिचे घरभेटीचे दिवस ठरलेले. झोळीचा काटा दाराच्या कडीला अडकवायची, बाळ मुठी आवळून त्यात लोंबकळायचं आणि विहीणबाई खालून हात धरून उभ्या. ही घरभेट कुठून आली माहीत आहे? आपल्या गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे देशभर आशांना तेच काम मिळालं.

"पण याचा आपल्याला फायदा काय?" विहीणबाईंचा प्रश्न. उत्तर परत भाच्यानंच दिलं. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन सहा देशांत चाचणी झाली, जवळपास १२ हजार बाया. त्यात आपलं नागपूरही होतं आणि बेळगावही. दिवस भरायच्या आधी होणारी बाळंतपणं शेकडा १३.१ वरून ११.६ वर आली, हे २०२० मध्ये छापलं. दुसऱ्या मोठ्या चाचणीत कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा २ ग्रॅमचा एकच डोस दिला. आईला सेप्सिस (जंतुसंसर्गानं होणारा जिवावरचा आजार) होणं किंवा ती दगावणं शेकडा २.४ वरून १.६ वर आलं. बाळांना मात्र त्याचा फरक पडला नाही, तेही त्यांनी स्वच्छ लिहिलं. ॲस्पिरिनचा फरक शंभरात दीड, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण एका गावात हे दिसणार कसं? त्यासाठी हजारो बायांची नोंद लागते, तीही माहेरी गेलेलींसकट. (गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. माझ्या दुकानात डोकेदुखीची गोळी मागायला गरोदर बाई आली तर मी देत नाही.)

आता तक्रार. आमच्याकडच्या अभ्यासाचा निकाल आम्हाला कोणी सांगायला आलं नाही. वावरातली माती तपासायला दिली तर मातीचं कार्ड हातात येतं. इथं नऊ महिने आणि वर बेचाळीस दिवस सुनेनं सगळं सांगितलं, त्याचं पुढे काय झालं ते विदेशात छापलं की नाही, कोणाला ठाऊक. ग्रामसभेत अर्धा तास बोलले असते तरी चाललं असतं. दीड तारा त्यातच गेला. वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला यायचे, तेव्हा घरी कोण असतं? पण सांगितल्यावर वेळ बदलली.

तुमच्याकडे असे कोणी आले तर सहीआधीच विचारा, निकाल कधी आणि कुठं सांगाल. कागदाची प्रत आई-बाळाच्या कार्डासोबत त्याच पिशवीत ठेवा. आणि सून माहेरी जाणार असेल तर दोन्ही गावच्या आशांचे नंबर आधीच लिहून द्या, नाहीतर विहीणबाईंची बोलणी तुम्हालाच खावी लागतील.