केबल, स्लेव्ह की रेडिओ ट्रिगर? खानदेशातल्या उन्हात बाहेरचा फ्लॅश जुळवताना

फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवून शटरसोबत उडवायचे तीन मार्ग आहेत: सिंक केबल, ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडवणारा सेन्सर) आणि रेडिओ ट्रिगर. चार भिंतींच्या आत तिन्ही चालतात. जळगाव-धुळ्याकडे मात्र लग्नसराईचं बरंच काम एप्रिल-मेमध्ये उघड्यावर होतं. खरी निवड तिथेच करावी लागते.

केबल सगळ्यात स्वस्त. तिला ना सेल लागतात, ना चॅनल जुळवावा लागतो. पण मंडपात ती पाहुण्यांच्या पायात येते आणि कॅमेऱ्याचं पीसी सॉकेट (केबल खोचायची जागा) लवकर सैल होतं. (सॉकेटच नसेल तर हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, बसणारा अडॅप्टर मिळतो.) फिल्मच्या काळातला फ्लॅश जोडणार असाल तर आधी त्याचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे जोडल्यावर कॅमेऱ्यापर्यंत पोचणारा व्होल्टेज, मोजाच. फ्लॅश चालू करून पूर्ण चार्ज होऊ द्या, मल्टीमीटर डीसीवर लावा, एक टोक पायाच्या मधल्या पिनला आणि दुसरं कडेच्या धातूच्या पट्टीला टेकवा. काही जुन्या युनिटमध्ये हा आकडा २०० व्होल्टच्या वर निघतो. तेवढा व्होल्टेज डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतो.

ऑप्टिकल स्लेव्ह बहुतेक फ्लॅशमध्ये आधीच असतो, त्यामुळे वेगळा खर्च नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर असेल तर स्लेव्ह एस१ वर (पहिल्याच झटक्याला उडणारा मोड) ठेवा. तो टीटीएलवर (कॅमेरा उजेड मोजून स्वतः ताकद ठरवतो) असेल तर एस२ (प्री-फ्लॅश सोडून देणारा मोड), नाहीतर मोजणीसाठीच्या प्री-फ्लॅशलाच स्लेव्ह उडून जातो आणि शटर उघडेपर्यंत उजेड संपलेला असतो. श्रावणात रात्री घरात कानबाईची (खानदेशातली देवी) स्थापना टिपायची असेल तर लहान खोलीत ही पद्धत उत्तम, कारण भिंतींवरून परतणारा उजेड सेन्सरला पुरतो. दुपारच्या उन्हात मात्र सेन्सरला सिग्नल वेगळा ओळखता येत नाही. शिवाय लग्नात दुसऱ्या कुणाच्याही फ्लॅशला तुमचा स्लेव्ह उडतो आणि ऐन अक्षतांच्या वेळी चार्ज होत बसतो.

म्हणून लग्नाच्या कामासाठी आमचं मत स्पष्ट आहे: रेडिओ ट्रिगर घ्या, आणि तोही हाय स्पीड सिंक म्हणजे एचएसएस (वेगवान शटरलाही फ्लॅश जुळवणारी सोय) देणारा. घेण्याआधी कॅमेऱ्याचा हॉट शू नीट पाहा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ मध्ये मधली सिंक पिनच नाही. फक्त त्या एका पिनवर चालणारे साधे ट्रिगर तिथे मुकेच राहतात. कॅननसाठी बनवलेला आणि नवं फर्मवेअर असलेला ट्रिगरच लागतो. गोडॉक्ससारख्या कंपन्यांचे ट्रिगर कॅमेऱ्याच्या ब्रँडप्रमाणे वेगवेगळे येतात, तेव्हा खोक्यावरचं अक्षर वाचून घ्या. ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हीकडे चॅनल, आयडी आणि ग्रुप जुळवा. बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे लॉनमध्ये वाय-फायची गर्दी असली की फ्लॅश मधूनच चुकतो. चॅनल बदलला की बहुधा सुटतं. फ्लॅश अगदी हातभरावर असूनही उडत नसेल तर गोडॉक्सच्या एक्सप्रोमध्ये अंतराची सेटिंग ०-३० मीटरवर करा.

आता शटर. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅश अख्ख्या फोटोवर पडेल असा सगळ्यात जास्त शटर वेग, १/२०० किंवा १/२५० असतो. त्यापेक्षा वेगात पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा बंद व्हायला लागतो, म्हणून फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. स्वस्त ट्रिगरच्या किंचित उशिरामुळे हा पट्टा १/२०० लाही दिसू शकतो. पांढऱ्या भिंतीवर १/१६०, १/२०० आणि १/२५० असे तीन फोटो काढून आपली मर्यादा पाहून ठेवा. इलेक्ट्रॉनिक म्हणजे सायलेंट शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत, तेही बंद करून बघा.

धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर भर उन्हात प्री-वेडिंग करताय असं धरा. आयएसओ १०० ला १/२०० ठेवलं तर एफ/११ लागतं आणि मागचे दगड नको तितके ठळक येतात. एफ/२.८ हवं तर शटर १/३२०० वर जातं. इथे दोन वाटा आहेत. एचएसएसमध्ये फ्लॅश एकाच झटक्याऐवजी बारीक स्पंदनांत जळत राहतो. काम झटपट होतं, पण बरीच ताकद वाया जाते आणि लहान स्पीडलाइट (सेलवर चालणारा हातातला फ्लॅश) दोन-अडीच मीटरपलीकडे उन्हापुढे टिकत नाही. दुसरी वाट एनडी१६ फिल्टरची, म्हणजे लेन्सवर लावायच्या गडद काचेची. तो चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कापतो, शटर पुन्हा १/२०० वर येतं आणि फ्लॅशचा पूर्ण झटका वापरता येतो. तुलनेत साधारण एक-दोन स्टॉप जास्त उजेड हाती लागतो. मात्र फिल्टरमधून फोकस अडखळतो, आणि स्वस्त काचेने त्वचेवर हिरवट किंवा पिवळी झाक येते. जोडपं उभं राहून पोझ देत असेल तर एनडी. सारंगखेड्याच्या यात्रेत उधळता घोडा टिपायचा असेल तर एचएसएस.

एचएसएसवर सलग फ्लॅश मारले की स्पीडलाइट तापतो आणि संरक्षणासाठी स्वतःहून रिसायकल (पुन्हा चार्ज व्हायचा वेळ) लांबवतो. ४४-४५ अंशांत हे फार लवकर होतं. फ्लॅश छत्रीच्या सावलीत ठेवा, ताकद पूर्णऐवजी अर्ध्यावर आणा आणि मॉडेलजवळ सरकवा: अंतर निम्मं केलं की उजेड चौपट मिळतो.