एसईओ सल्लागार: एजन्सीतली नोकरी की स्वतंत्र काम?

एसईओ म्हणजे गूगलच्या शोधनिकालांत साइट वर आणण्याचं काम. ते ग्राहकांसाठी करणाऱ्या एजन्सीतली खरी कमाई पगार नाही, नजर आहे. दवाखाना, सराफी पेढी, सॉफ्टवेअर कंपनी अशा वेगवेगळ्या साइट एकाच वेळी हाताखालून जातात. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात शोधातून येणाऱ्या क्लिकचा आलेख कोसळला, तर दोष त्या साइटचा की गूगलच्या अपडेटचा, म्हणजे क्रमवारीच्या नियमांतल्या बदलाचा, हे बाकीच्या साइट शेजारी ठेवल्या की लवकर उमगतं. २०११ च्या पांडा अपडेटने निकृष्ट मजकूर खाली ढकलला, २०१२ च्या पेंग्विनने दुसऱ्या साइटवरून विकत घेतलेल्या लिंकच्या जोरावर वर चढलेल्या साइट. असे धक्के ओळखायला अनुभवी वरिष्ठ सोबत असणं मोलाचं. मात्र तिथे महिन्याचा रिपोर्ट वेळेवर देण्यातच बराच जीव जातो, आणि तुमची सूचना साइटच्या मालकापर्यंत पोहोचेतो तिची धार गेलेली असते.

स्वतंत्र सल्लागार थेट मालकाशी बोलतो. ‘पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही,’ हे गूगल स्वतः सांगतं. तेच तोंडावर सांगून काम नाकारायची मुभा मला फार मोठी वाटते. बदल्यात वसुली, करार, नवे ग्राहक सगळं एकट्यावर. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणीही आली.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधनिकालांच्या वर एआयचं तयार उत्तर दिसू लागलं. नुसते क्लिक मोजून फी मागणं त्यामुळे दोघांनाही अवघड झालंय. स्वतंत्र माणसाला जास्त, कारण एक ग्राहक गेला तरी त्याचा महिना हलतो. म्हणून नवख्याने दोन-तीन वर्षं एजन्सीतच काढावीत, असं माझं ठाम मत आहे.