परसातला आरसी ट्रॅक : सात महिने वापरल्यावर

दहिसरच्या कांदरपाड्यात आमचं जुनं बैठं घर आहे, मागे १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद परस. दिवाळीत मुलाने केलेल्या किल्ल्याची माती उरली, तिच्यावरून त्याने आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी उडवली आणि दोघांच्याही डोक्यात ट्रॅक बसला. नोव्हेंबरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी आम्ही तो वापरला. गाडी १:१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी) टू-व्हील ड्राइव्ह बग्गी, ब्रशलेस इलेक्ट्रिक मोटरची.

जे कोणी करायचं म्हणत असतील त्यांना एकच सांगणं आहे : पैसा आणि वेळ मातीवर घाला. जंप, कमानी, झेंडे नंतर.

आम्ही दोन ब्रास मुरूम आणला. पसरल्यावर जेमतेम दोन इंचांचा थर झाला. वरून धूळ उडू नये म्हणून आईने सुचवलं तसं शेणाने सारवलं. दोन दिवस अंगण बघत राहावं असं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी टायरच्या काट्यांनी पापुद्रे निघायला लागले आणि वळणावर गाडी सरळच जायला लागली. "बाबा, मी वळवतोय, ती वळतच नाहीये," मुलगा रडवेला झाला होता. पलीकडच्या काकांनी उभी हयात कबड्डीची मैदानं तयार करण्यात घालवली. ते येऊन मूठभर माती चोळून म्हणाले, "अरे, ह्यात चिकण कुठाय? बांधणार कशी?" मग चिकणमाती चाळून मिसळली, रात्री भरपूर पाणी मारलं, सकाळी माती हाताला चिकटेनाशी झाल्यावर धुमस केला. तेव्हा कुठे टायर धरायला लागले. आता खेळायच्या तासभर आधी झारीने हलकं पाणी आणि खेळून झाल्यावर झाडू, एवढं चुकवत नाही. एक दिवस चुकलं की वळणाच्या बाहेरच्या कडेला भुगा साचतो आणि आत चर पडतो.

गाडी धावायची पट्टी आधी सव्वा मीटर रुंद आखली होती. ते चुकलं. ओव्हरटेक करायला जागाच नाही, प्रत्येक फेरीत धडक. आता दोन मीटर आहे, फेरी साधारण ४० मीटरची होते आणि दोन गाड्या शेजारी शेजारी आरामात जातात. कडेला बागेचा अर्ध्या इंचाचा पाईप लावला तर गाडी त्यावर चढून उलटते. पंपाचा दोन इंची सक्शन पाईप भंगारातून घेतला, सळईचे यू वाकवून ठोकला. त्याला लागून गाडी घसरते, आर्म (चाक धरणारा दांडा) तुटत नाही. आर्म आमचे दोन तुटले, दोन्ही जुन्या पाईपच्या काळात.

प्लायचा जंप पाण्याने फुगला, काढून टाकला. गोणीत मुरूम भरून मातीचाच केला. चढापेक्षा उतार लांब ठेवा, गाडी उतारावर टेकली की सस्पेन्शनवर मार बसत नाही.

जागा मोठी नसेल तर इलेक्ट्रिकच घ्या. नायट्रोचा, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या गाडीचा, आवाज आणि धूर इतक्या दाटीत शेजाऱ्यांना सोसणार नाही. मे महिन्यात गाडी थांबली की बॅटरी हाताला कढत लागते, गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. चार-पाच दिवस खेळणार नसाल तर लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. बेअरिंगमधली धूळ दर रविवारी ब्रशने काढावी लागते, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही.

मागचा ओटा हा आमचा ड्रायव्हर स्टँड, म्हणजे गाडी चालवताना उभं राहायची जागा. दीड फूट उंच आहे तेवढ्यानेच सगळी वळणं दिसतात. नारळाची झावळी पडायची भीती असते म्हणून झाडाखालून पट्टी नेली नाही.

पहिल्या पावसाआधी पाईप उचलले, जंपवर ताडपत्री बांधली. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने ८ मीटरला ८ सेंटीमीटर उतार काढला होता, त्यामुळे पाणी गटाराकडे वाहून गेलं. फक्त विहिरीकडच्या वळणावर तळं साचलं. नवरात्रानंतर तिथे अजून अर्धा ब्रास मुरूम टाकणार आहे, चिकणमाती आधीच मिसळून.